न जुळलेल्या नंबर प्लेटची नोंद किती दिवस ठेवायची?

नमस्कार. नंबर प्लेट आपोआप वाचणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल ‘आपण काही केलेच नसेल, तर भीती कशाची?’ हा एकच प्रश्न सोलापूरच्या दर्शकांकडून पुन्हा पुन्हा येत आहे. कॅमेरा प्लेट वाचतो, चोरीच्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळली तर पोलिसांना कळवतो. त्याला माझा अजिबात विरोध नाही. चोरीची मोटारसायकल विजापूर रस्त्याने शहराबाहेर पडण्याआधी सापडली, तर मला आनंदच आहे.

माझा आक्षेप आहे तो न जुळलेल्या प्लेटच्या नोंदीला. तुमची एमएच १३ची गाडी सकाळी ‘सात रस्ता’ चौकात, दुपारी एखाद्या दवाखान्यासमोर आणि रात्री होटगी रस्त्यावर टिपली गेली, तर प्रत्येक नोंदीत क्रमांक, वेळ, ठिकाण आणि छायाचित्र एवढेच असते. परंतु अशा नोंदी वर्षभर साठल्या, की तुम्ही कोणत्या डॉक्टरांकडे जाता आणि कोणत्या मोर्चाला गेला होता, हे तुम्हाला न विचारता कळते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याचा कायदा न जुळलेली प्लेट ३ मिनिटांत पुसायला लावतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तर २०१८ मध्ये असे ठरवले, की प्लेट न जुळता लगेच पुसली गेली, तरी ती तपासणे हाच मुळात नागरिकाच्या हक्कातील हस्तक्षेप आहे.

‘पोलीस आपलेच आहेत,’ असे एका ताईंनी लिहिले. ताई, अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्यातील सेज्विक या छोट्या गावाच्या पोलीसप्रमुखाने अशाच यंत्रणेत आपली पूर्वीची मैत्रीण आणि तिचा नवा जोडीदार यांच्या गाड्या दोनशेहून अधिक वेळा शोधल्या आणि शोधाची कारणे खोटी भरली. म्हणून कारणाचा रकाना असून भागत नाही. तो भरणाऱ्याच्या हाताखाली नसलेल्या कोणीतरी तो तपासला पाहिजे. आणि नोंद मुळात पुसलेलीच असती, तर शोधायला काही उरलेच नसते.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी लागते आणि त्याची नोंद चलन निकाली निघेपर्यंत ठेवावी लागते. हे झाले नियम मोडणाऱ्याबद्दल. ज्याने काहीच मोडले नाही, त्याच्या नोंदीचे काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी मोठी सूट देतो, त्यामुळे तिथेही उत्तर मिळत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना मी खाली दिला आहे. तो पोलीस आयुक्तालयाकडे पाठवताना ‘न जुळलेल्या नोंदी किती दिवसांनी पुसता?’ हा प्रश्न पहिला ठेवा.