बांबूच्या अर्कात जंतू मारणारं नेमकं आहे तरी काय?

स्क्रीनवरची ही पेट्री डिश नीट बघा. खाली अगारची जेली, तिच्यावर बॅक्टेरिया पसरवलेत आणि त्यावर कागदाच्या दोन छोट्या चकत्या ठेवल्यात. एक बांबूच्या अर्कात भिजवलेली, दुसरी नुसत्या अल्कोहोलमध्ये, कारण अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्येच काढतात आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं, त्यामुळे ही दुसरी चकती नसेल तर त्या टेस्टला काही अर्थच नाही. रात्रभर ३७ डिग्रीला ठेवलं की जेलीवर बॅक्टेरियाचा पांढुरका थर धरतो, आणि अर्क चालला तर त्याच्या चकतीभोवती तेवढा एक गोल स्वच्छ राहतो. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा.

आता हे करतं कोण? पानांत ओरिएंटिन, आयसोओरिएंटिन, व्हिटेक्सिन असे फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींतली एका गटातली रसायनं, असतात, पण त्यांची खरी ओळख अँटिऑक्सिडंट म्हणून. जंतूंच्या बाबतीत मला तरी साल आणि कोंब जास्त इंटरेस्टिंग वाटतात. मोसो नावाचा जाड बांबू असतो, त्याच्या सालीतून जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये एक बेन्झोक्विनोन जातीचं रसायन वेगळं काढलं, तेच बॅक्टेरियाला रोखत होतं. पुढे २००५ मध्ये त्याच बांबूच्या कोंबात दोन छोटी पेप्टाइड्स, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या, सापडली, ती कायटिनला चिकटतात, आणि कायटिन तर बुरशीच्या पेशीभित्तीतच असतं! म्हणजे जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब स्वतःचं रक्षण स्वतःच करत असतो.

पण म्हणून अख्खा बांबूच जंतुनाशक आहे असं समजू नका. तोडलेल्या बांबूत स्टार्च भरपूर असतो, ओलसर जागी ठेवला की त्यालाही बुरशी येते, किडा लागतो. अर्क म्हणजे त्यातली कामाची रसायनं वेगळी काढून, एकवटून घेतलेली.

वंशलोचनाचं प्रकरण तर अजूनच वेगळं. बांबूच्या पेरांच्या पोकळीत साठणारा हा पांढरा पदार्थ आयुर्वेदात खोकल्यावरच्या सितोपलादि चूर्णात पडतो, पिंपळी, वेलची, दालचिनी आणि खडीसाखरेबरोबर. १७९१ मध्ये जेम्स मेसी या केमिस्टने त्याची तपासणी केली, हाच माणूस पुढे स्मिथसन म्हणून ओळखला गेला आणि त्याच्याच पैशातून अमेरिकेतली प्रसिद्ध स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. तर वंशलोचन म्हणजे मुख्यतः सिलिका, वाळूत असते तीच, त्याचा आणि सालीतल्या त्या बेन्झोक्विनोनचा काही संबंध नाही.

आणि ते ‘अँटिबॅक्टेरियल बांबू फॅब्रिक’? त्यातलं बरंचसं रेयॉन असतं, बांबूचा लगदा कडक केमिकल्समध्ये विरघळवून काढलेला धागा, त्यात मूळ झाडाचा गुण उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा दाव्यांवर कारवाईही केली. लोकांची अशी फसवणूक झालेली बघून खरंच राग येतो, कारण अर्कावरचं चांगलं संशोधनही त्यामुळे उगाच बदनाम होतं.

डिशमध्ये गोल दिसला म्हणजे औषध झालं असंही नाही हं. ते पोटात गेल्यावर रक्तात किती पोचतं, किती डोस सुरक्षित, हे सगळं पुढे तपासावं लागतं. कच्च्या कोंबाचा अर्क घरी काढून तर अजिबात पिऊ नका, प्लीज. कोंबात टॅक्सीफायलिन नावाचं रसायन असतं, पेशी चिरडल्या गेल्या की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. उष्णतेने ते टॅक्सीफायलिन मोडतं, म्हणूनच कोंब चिरून, झाकण न ठेवता भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं.