कुलूप शाबूत, पेपर बाहेर

नमस्कार मंडळी. ही ट्रंक बघा. पत्र्याची आहे, आईच्या माहेरची. पुढे कडी, कडीला चांगलं दणकट कुलूप. आता ट्रंक फिरवतो हं. ही मागची बिजागरी. हिचे स्क्रू काढले की कुलपाला हातही न लावता झाकण वर. आणि परत पिळून बसवले, की पुढून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळणार नाही.

5 मे 2024. मेडिकलच्या प्रवेशासाठी असते त्या नीट परीक्षेचा पेपर दुपारी 2 ला. झारखंडमध्ये हजारीबागच्या एका केंद्रावर सकाळीच पेट्या आल्या. सीबीआयचं म्हणणं असं, की शाळेतल्याच लोकांनी एकाला पेट्या ठेवलेल्या कंट्रोल रूममध्ये सोडलं. त्याने हत्यारं वापरून पेटी मागून उघडली, पेपरचे फोटो काढले, सगळं होतं तसं बसवलं आणि निघून गेला. फोटो गेले मेडिकलच्या काही विद्यार्थ्यांकडे. त्यांनी प्रश्न सोडवले, आणि उत्तरं थेट पाटण्यापर्यंत पोचली. त्या वर्षी परीक्षेला 23 लाखांहून जास्त मुलं बसली होती.

मग सापडलं कसं? कागद जाळले होते, पण नीट जळले नव्हते! पाटण्यात पोलिसांना अर्धवट जळालेले तुकडे मिळाले. नीटच्या प्रत्येक पुस्तिकेवर वेगळा क्रमांक छापलेला असतो. त्यावरून माग काढत काढत तपास त्या एका केंद्रावर आला. एवढा सगळा बंदोबस्त, आणि शेवटी कामाला आला तो कागदावरचा एक आकडा. पेपर फुटूच नये ही एक गोष्ट, आणि फुटलाच तर कुठून फुटला ते कळावं ही दुसरी. आपण सगळे पहिलीबद्दलच बोलत बसतो.

आता आपल्याकडे या. बोर्डाच्या परीक्षेत परिरक्षक केंद्रातून, म्हणजे पेपर सांभाळून ठेवतात तिथून, गठ्ठे निघतात, सहायक परिरक्षक ते शाळेवर आणतो. त्याला आपण सगळे ‘रनर’ म्हणतो. अलीकडे त्याच्या प्रवासावर जीपीएस असतं, गठ्ठा उघडताना मोबाइलवर चित्रीकरण होतं. वर्गात पाकीट फोडायच्या आधी दोन मुलांच्या सह्या घेतात. मी पर्यवेक्षक असताना एका मुलीने सही करण्याआधी पाकीट चारही बाजूंनी फिरवून, सील बोट लावून पाहिलं होतं. मागच्या बाकावरचे हसले. मला मात्र वाटलं, अख्ख्या यंत्रणेत आज हिनेच आपलं काम केलं.

पूर्वी पेपर 11 चा असला तरी 10:50 ला प्रश्नपत्रिका हातात मिळायची, शांतपणे वाचायला. याच दहा मिनिटांत फोटो बाहेर जायला लागले. 2023 ला बोर्डाने ती सवलत काढली आणि तीच दहा मिनिटं शेवटी जोडली. म्हणून तीन तासांचा पेपर आता 2:10 ला सुटतो. पण त्याच वर्षी, 3 मार्चला, बारावीच्या गणिताची पानं 11 वाजायच्या आधीच मोबाइलवर फिरली. बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा भागात. म्हणजे मुलांच्या हातात पेपर पडायच्या आधीच कुणाचा तरी हात त्यावर पडला होता.

मोज्यात चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पोराला भरारी पथक पकडतं, त्याचा फोटो छापून येतो. अहो, त्याने फार तर स्वतःचे पाच मार्क वाढवले असते. कंट्रोल रूमचं दार उघडणारा माणूस भरारी पथकाला दिसतच नाही. 21 जून 2024 पासून केंद्राचा नवा कायदा लागू झाला, तो याच माणसासाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. 3 ते 5 वर्षं कैद, टोळी असेल तर 5 ते 10 वर्षं आणि किमान 1 कोटी दंड.

‘सर, मग सगळं ऑनलाइन करून टाका ना!’ येतेच ही कमेंट. केलंय की. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जेईई मेन संगणकावरच होते. 2021 च्या परीक्षेत सीबीआयने गुन्हा नोंदवला, तो केंद्रावरचे संगणक बाहेर बसून कुणीतरी चालवल्याचा. ट्रंक गेली, बिजागरी राहिलीच.

एक शेवटचा किस्सा, याची गंमत वाटते आणि वाईटही. 18 जून 2024 ला यूजीसी नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, झाली, नऊ लाखांवर उमेदवार. दुसऱ्या दिवशी रद्द. कारण पेपर आधीच टेलिग्रामवर आल्याचा स्क्रीनशॉट. सीबीआयने तपासलं तर स्क्रीनशॉटच बनावट निघाला. पेपर झाल्यावर काढलेल्या फोटोची वेळ बदलून तो आधीचा म्हणून फिरवलेला. न फुटलेल्या पेपरपायी नऊ लाख जणांना पुन्हा अभ्यासाला बसावं लागलं.

तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या ग्रुपवर ‘उद्याचा पेपर’ आला, तर पुढे पाठवू नका. पैसे तर अजिबात देऊ नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि मेसेजची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तो मुख्याध्यापकांना किंवा पोलिसांना द्या, आणि फोन बंद करून झोपा. सकाळी 11 चा पेपर आहे.