पोटातला मार आणि यकृताचं दान

श्रोतेहो, नमस्कार.

अपघात म्हटला की आपण आधी डोक्याची चौकशी करतो. ते बरोबरच आहे, हेल्मेटला पर्याय नाही. पण इस्पितळात अपघाताचे रुग्ण पाहणाऱ्या माझ्यासारख्या शल्यचिकित्सकाला धास्ती असते ती पोटाच्या मुक्या माराची. आज मी बोलणार आहे यकृताबद्दल, आणि ते पार फाटलं तर काय करता येतं त्याबद्दल.

पावसात चिखल झालेल्या वळणावर स्कूटर घसरते आणि हँडलचं टोक उजव्या बरगड्यांखाली बसतं. बाहेर साधं खरचटलेलंही नसतं. माणूस उठतो, गाडी उभी करतो, "काही झालं नाही" म्हणतो आणि घरी जातो. तासाभरानं उजवा खांदा दुखू लागतो. खांद्याला तर मार लागलेलाच नसतो! पोटात साठलेलं रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, श्वासपटलाला, टोचतं आणि ती कळ खांद्यात उमटते. मग घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, नाडी पळू लागते, तहान लागते. घरचे लोक मायेनं पाणी देतात, चहा देतात. कृपा करून देऊ नका. शस्त्रक्रिया करावी लागली तर भरलेलं पोट जिवावर बेततं. त्याला आडवं ठेवा आणि 108 ला फोन करा. आणि रस्त्यावर अनोळखी माणूस पडलेला दिसला तर पोलिसांच्या भीतीनं पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आपलं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

मोठ्या माणसाचं यकृत सव्वा ते दीड किलोचं असतं आणि त्यातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. इतकं रक्त खेळणारा अवयव फुटला की काय होत असेल, याची कल्पना करा. तरी एक दिलासा आहे. यकृताच्या बहुतेक जखमा पोट न उघडता बऱ्या होतात. सीटी स्कॅन काढायचा, अतिदक्षता विभागात डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, रक्त द्यायचं, गरज पडली तर मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी आतूनच बंद करायची. यकृत स्वतःला भरून काढतं. तशी ताकद शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या अवयवात नाही.

उरतात त्या भयंकर जखमा. पोट उघडलं की रक्ताचा लोट येतो आणि काही दिसत नाही. ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जननं 1908 साली दाखवून दिलेली युक्ती आजही पहिल्यांदा वापरली जाते: यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा जुडगा चिमटीत धरायचा. पण फाटलेल्या यकृताला टाके घालणं म्हणजे ताज्या दह्याला टाका घालण्यासारखं आहे, दोरा ओढला की तोच ते कापत जातो. म्हणून कापडी पॅड चहूबाजूंनी दाबून भरतात आणि पोट तसंच झाकून रुग्णाला बाहेर आणतात. थंड पडलेलं शरीर, आंबट झालेलं रक्त आणि गोठायचं विसरलेलं रक्त, ही तिन्ही एकत्र आली की रुग्ण टेबलावरच जातो. त्याला आधी ऊब द्यायची, रक्त द्यायचं, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा आत जायचं. घाईनं सगळं दुरुस्त करायला जाण्यापेक्षा हे थांबणं जास्त जीव वाचवतं.

एवढं करूनही काही थोड्या रुग्णांत यकृत वाचत नाही. कुणाचं रक्त थांबतच नाही. कुणाचं थांबतं, पण रक्तपुरवठा तुटल्यामुळे यकृत मरून जातं आणि रुग्ण बेशुद्धीकडे झुकतो. कुणाच्या पित्तनलिका अशा खराब होतात की काही महिन्यांनी यकृत निकामी होतं. अशा वेळी यकृत बदलणं एवढाच मार्ग राहतो.

रक्त थांबतच नाही तेव्हा जे करतात, ते ऐकायला अशक्य वाटतं. फुटलेलं यकृत अख्खं काढून टाकतात आणि आतड्यांकडून येणारं रक्त थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जोडतात. मग तो माणूस यकृताशिवाय जिवंत असतो. त्याला साखर बाहेरून द्यायची, रक्त गोठवणारे घटक बाहेरून द्यायचे आणि नवीन यकृताची वाट पाहायची. हातात साधारण एक-दीड दिवस असतो. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सर्जननी 1995 साली असे रुग्ण वाचल्याचं लिहिलं. पुढे युरोपच्या प्रत्यारोपण नोंदणीतून 1987 ते 2013 मधले अपघातामुळे यकृत बदललेले फक्त 73 रुग्ण सापडले. त्यांतले चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक पहिल्या नव्वद दिवसांतच गेले. आकडा वाईट आहे, हे मी लपवत नाही. पण नवीन यकृत मिळालं नसतं तर त्यातलं जवळजवळ कुणीच वाचलं नसतं. मेंदूला जबर मार असेल किंवा अंगभर जंतुसंसर्ग पसरला असेल तर मात्र डॉक्टर हा मार्ग धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता यकृत कुठून आणायचं? आपल्या देशात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत नातलगानं दिलेल्या तुकड्यावर होतात. पण दात्याच्या तपासण्या व्हायच्या, रक्तगट जुळायचा, यकृताचं माप जुळायचं, आणि इथे तर तास मोजलेले. म्हणून खरी आशा मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या, दात्याची. आणि तो दाता बहुतेक वेळा असाच रस्त्यावर पडलेला, डोक्याला मार लागलेला तरुण असतो.

मेंदूमृत ठरवणं हे एका डॉक्टरच्या मर्जीवर नसतं. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या करतं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला डॉक्टर त्या मंडळात नसतो. कोमा वेगळा, मेंदूमृत्यू वेगळा. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत येत नाही. फक्त यंत्रामुळे छाती हलत असते आणि अंगाला हात लावला तर ते कोमट लागतं. आईला ते कसं पटावं? मी ते चेहरे पाहिले आहेत. त्या घडीला "दान" हा शब्द ऐकवणंही जड जातं.

तरी आपल्या गोव्यातल्या काही कुटुंबांनी त्या घडीला होकार दिला आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं, आणि तिथे दान झालेली यकृतं पोलिसांनी बांबोळीहून दाबोळी विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करून विमानानं राज्याबाहेर पोचवली आहेत. बाहेर काढलेलं यकृत बर्फात फार तर दहा-बारा तास टिकतं, आणि जितकं लवकर बसवता येईल तितकं बरं. वाहतुकीत त्यातली पंधरा मिनिटं गेली तरी ती कुणाच्या तरी वाट्याची असतात.

घरात या गोष्टी बोलल्या जात नाहीत. मेल्यानंतर देह अपुरा राहतो, पुढचा जन्म बिघडतो, असं वयस्कर मंडळी म्हणतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता एवढंच सांगतो की अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून घरच्यांच्या स्वाधीन केलं जातं. अंत्यसंस्कार नेहमीसारखेच होतात. अपघाताच्या प्रकरणात पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन असतंच, त्याच्याबरोबरीनं अवयवदान करण्याची सोय नियमांत आहे.

चवथीला, गणपतीच्या सणाला, मुंबईपासून आखातापर्यंत पांगलेलं सगळं घर मूळ घरी जमतं. सणाच्या दिवशी मरणाची भाषा नको, हे मला कळतं. पण आरती, जेवण आटोपल्यावर माणसं अंगणात बसतात, तेव्हा "माझं असं काही झालं तर माझे अवयव द्या" एवढं एक वाक्य मोठ्या माणसानं म्हणावं. आपल्या देशात मरणोत्तर दानासाठी शेवटी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. अवयवदानाचं कार्ड काढलेलं असेल आणि घरच्यांना ठाऊकच नसेल, तर त्या कार्डाचा उपयोग होत नाही.

नोंदणी राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकानं होते. ज्यांना फोन सोपा वाटतो त्यांच्यासाठी क्रमांक आहे 1800-11-4770, पुन्हा सांगतो, 1800-11-4770. त्याला पैसे पडत नाहीत.