वाऱ्याने घासलेलं हिम

नमस्कार श्रोतेहो.

निफाडचा पारा घसरला की आपल्या नाशिकमध्ये रात्री एक अनुभव हमखास येतो. दिवा मालवून स्वेटर डोक्यावरून काढायला जावं, तर चटचट आवाज होतो, केस उभे राहतात आणि अंधारात निळसर ठिणग्या दिसतात. पावसाळ्यात असं होत नाही. तेव्हा कपड्यांवर ओलाव्याचा पातळ थर असतो आणि घर्षणाने साठलेला विद्युतभार त्यातून निमूट निघून जातो. थंडीत हवा कोरडी. भाराला वाटच मिळत नाही, म्हणून तो उडी मारतो.

अंटार्क्टिकात ही कोरडी थंडी कितीतरी पटींनी जास्त. हिमपठारावरची जड, गार हवा उतारावरून समुद्राकडे दिवसेंदिवस सुसाट वाहत असते. तिच्याबरोबर हिमाचे कण जमिनीलगत उड्या मारत धावतात आणि खालच्या हिमावर आपटतात. दर आपटीला थोडा भार इकडून तिकडे जातो. जॉर्ज सिम्प्सन हे आपल्याच हवामान खात्याच्या सिमल्याच्या कचेरीतले शास्त्रज्ञ. १९१० साली ते कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेबरोबर तिकडे गेले आणि हिमवादळात हवेतली वीज कशी वाढते, याच्या नोंदी त्यांनी केल्या. निरभ्र दिवशी जमिनीजवळच्या हवेत मीटरमागे साधारण १०० व्होल्ट असतात. उडत्या हिमात, जमिनीपासून चार सेंटिमीटर उंचीवर, हाच आकडा पुढे ३०,००० पर्यंत मोजला गेला आहे. एवढ्याने आकाशातल्यासारखी वीज कडाडत नाही. पण हिमकणांची टोकं सुईसारखी असतात, आणि टोकाशी हे बळ एकवटतं. तिथून वीज हळूच पाझरू शकते.

आणि वीज पाझरली की हवा बदलते. वळवाच्या पावसात वीज चमकली की पिकाला नत्र मिळतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जुन्या झेरॉक्स मशीनपाशी येणारा तिखट वास आठवा, तो ओझोनचा. विजेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन फुटतो, त्यातून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. पाण्याची वाफ असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडही.

ध्रुवांवरच्या हिमात नायट्रेट आणि पेरॉक्साइड सापडतात. हिमातून नायट्रोजनची ऑक्साइडं वर येतात, तीही मोजली आहेत. याचं श्रेय आजवर मुख्यतः उन्हाला दिलं जातं: सूर्यकिरण हिमातलं नायट्रेट फोडतात. आर्क्टिकच्या वसंतात तर समुद्राच्या मिठातला ब्रोमीन जमिनीलगतचा ओझोन बघता बघता जवळजवळ संपवतो, हवेतला पारा, म्हणजे तो धातूसुद्धा, हिमावर येऊन बसतो. तेही ऊन परतल्यावरच. हे सगळं खरं आहे, मोजलेलं आहे. पण तिथे लांबलचक रात्रही असते. सूर्य नाही आणि वारा मात्र जोरात. त्या काळोखात हिमावर काहीच घडत नसेल, हे माझ्या मनाला पटत नाही. वाऱ्याने चेतवलेली ही वीज तेव्हा काम करत असावी, ही शक्यता काही शास्त्रज्ञांनी मांडली आहे. ती अजून सिद्ध व्हायची आहे, पण गांभीर्याने तपासावी अशी आहे.

कारण बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या दंडगोलांवरून आपण हजारो वर्षांपूर्वीची हवा वाचतो. त्यातल्या नायट्रेटचा थोडा वाटा वाऱ्याचा निघाला, तर जास्त नायट्रेटचा थर म्हणजे कदाचित नुसता वादळी हिवाळा असेल.

आपली मैत्री आणि भारती ही दोन्ही ठाणी अंटार्क्टिकात वर्षभर चालतात. हिवाळ्यात तिथे काही आठवडे सूर्य उगवत नाही. मला मनापासून वाटतं, की अशाच एखाद्या अंधाऱ्या वादळात तिथल्या आपल्या माणसांनी विजेचं माप घ्यावं, त्याच वेळी उडतं हिम एका स्वच्छ बाटलीत धरावं, आणि वारा पडल्यावर शेजारचं निवांत हिम दुसऱ्या बाटलीत भरावं. मग दोन्ही बाटल्यांतलं पेरॉक्साइड मोजून पाहावं.

नमस्कार.