मानपूरचा घाट आणि वीस व्हॉल्व्हचं इंजिन

[पहाट. इंदूर, रामबाग. जुन्या घराच्या फाटकाशी उभी असलेली सेडान. किल्ली फिरते.]

ऐका. इंजिन सुरू झाल्याबरोबर वरच्या बाजूने बारीक टकटक येते. एक, दोन, तीन... गेली. ऑइल हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, चढलं की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे छोटे भाग, गप्प होतात. काका तोवर गिअरला हात लावत नाहीत.

ही स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २००४ ची. मीटरवर १,८४,००० किलोमीटर. कंपनी चेक, पण भारतातली ऑक्टाव्हिया २००१ पासून जोडली जायची ती औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. त्या काळी आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेलच डोळ्यांसमोर यायचं. काकांनी ही पेट्रोल टर्बो सेकंडहँड घेतली तेव्हा घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "टर्बो आहे, वर्षभरात बसेल." ती बसली नाही. का बसली नाही, ते आज पाहू या.

[बॉनेट उघडतं. काळं प्लास्टिकचं कव्हर बाजूला होतं.]

इंजिन फोक्सवॅगन समूहाचं, १.८ टी. १९९५ च्या सुमारास ते आधी ऑडी ए-४ मध्ये आलं. १७८१ सीसी, चार सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८१ मिलीमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८६.४. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर टाकणारे. एकूण वीस.

या गाडीत त्याची ताकद १५० पीएस, म्हणजे अश्वशक्ती, ५७०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना. खरी गंमत मात्र टॉर्कच्या, म्हणजे फिरवणाऱ्या जोराच्या, आकड्यात आहे. २१० न्यूटन मीटर, आणि तो १७५० पासून जवळजवळ ४६०० आरपीएमपर्यंत एकसारखा. याच मापाच्या बिनटर्बो इंजिनात १७० च्या आसपास टॉर्क मिळायचा, तोही इंजिन चार हजारांच्या वर ताणल्यावर. कागदावर हा फरक चाळीसचा दिसतो. रस्त्यावर तो किती मोठा आहे, हे इंदूरच्या माणसाला घाटात कळतं.

[आग्रा-मुंबई रस्ता. महू मागे पडतं. मानपूर. खाली निमाड दिसू लागतं.]

धुळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक इंदुरी मराठी घराला हा रस्ता तोंडपाठ आहे. माळव्याचं पठार इथे संपतं, गाडी धामनोदला उतरते, खलघाटला नर्मदा ओलांडते. परतीच्या वाटेवर हाच उतार चढ होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक, मे महिना, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. बिनटर्बो गाडी इथे दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत चढते. काका तिसऱ्यातच असतात. ट्रकला ओलांडायला जागा मिळाली की पाय जरासा दाबतात, एक हलकी शिटी येते आणि गाडी ओढली गेल्यासारखी पुढे सरकते.

ही शिटी टर्बोची. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. या इंजिनावरचा टर्बो केकेके कंपनीचा के-०३, तळहातावर मावेल एवढं चाक. लहान म्हणून लवकर वेग घेतो, आणि म्हणूनच १७५० ला पूर्ण जोर मिळतो. दाबलेली हवा तापते, तिला थंड करायला इंटरकूलर आहे. तो पुढच्या चाकाच्या कमानीत अडचणीत बसवलाय. या इंजिनाच्या मांडणीतली ही बाजू मला लंगडी वाटते. संथ घाटात त्याला वारा मिळत नाही, तो तापतो, मग कंट्रोल युनिट ठिणगीची वेळ मागे घेतं आणि चढाच्या शेवटी गाडी किंचित जड होते.

आता टिकाऊपणाकडे येऊ. त्या दांड्याचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या वर जातो. त्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. एका टोकाला लोखंड लाल होईल इतका तापलेला धूर, मधे ते ऑइल. गाडी जोरात आणून लगेच किल्ली बंद केली, तर ऑइल जिथल्या तिथे थांबतं आणि तापून करपतं. असं रोज होत राहिलं की करपलेले कण खाली उतरतात, त्यांचा गाळ होतो.

या गाळाने १.८ टी ला परदेशात बदनाम केलं. ऑडी ए-४ आणि पसाटमध्ये हेच इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेलं होतं. तिथे ऑइल कमी मावायचं, फिल्टर लहान, आणि ऑइल बदलायचं अंतर लांबवलेलं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशी ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती गाळाने बुजली की ऑइलचा दाब पडतो, आधी टर्बो जातो, मग व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट. अमेरिकेत शेवटी त्या गाड्यांची या दोषापुरती वॉरंटी वाढवावी लागली. ऑक्टाव्हियात इंजिन आडवं आहे. चेंबर मोठा, साधारण साडेचार लिटर ऑइल. तोच ब्लॉक, तेच हेड, पण नशीब वेगळं निघालं.

आणि इंजिनाचा पिंड दणकट आहे, याबद्दल मला तरी शंका नाही. याच १७८१ सीसीतून ऑडी टीटीने २२५ आणि पुढे २४० पीएस काढले. युरोपातली हीच ऑक्टाव्हिया आरएस १८० पीएसची होती. फॉर्म्युला पामर ऑडी नावाच्या शर्यतमालिकेत हेच इंजिन ३०० पीएसच्या आसपास चालायचं. त्या मानाने आपल्याकडचे १५० म्हणजे अंग राखून काम.

[गॅरेज. मिस्त्रींचे हात. रबराची एक वाकडी नळी.]

त्रास दिला तो आजूबाजूच्या रबराने आणि प्लास्टिकने. चार वर्षांपूर्वी मानपूरच्याच चढावर गाडीचा दम गेला. शिटीच्या जागी फुस्स आवाज, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मी शेजारी बसलो होतो. काका काही बोलले नाहीत, ट्रकच्या मागे धरून कशीबशी वर आणली. एका वर्कशॉपने पाहिल्या पाहिल्या सांगितलं, टर्बो गेला, नवा टाका. खर्चाचा आकडा ऐकून घरात पुन्हा ते जुनं वाक्य सुरू झालं.

आमच्या मिस्त्रींनी टर्बोला हातच लावला नाही. आधी हवेच्या वाटेवरचे सगळे पाइप चाचपले. मग एक छोटा व्हॉल्व्ह काढला, ज्याला डायव्हर्टर म्हणतात. पाय उचलला की दाबलेली हवा परत वळवायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. मिस्त्रींनी तो बोटांनी ताणून ट्यूबलाइटसमोर धरला. कडेला नखाएवढी फट, तिच्यातून उजेड येत होता.

"काकासाहेब, हवा इथून पळत होती. टर्बो बिचारा दुप्पट पळतोय, पण पोचत काहीच नाही."

तो व्हॉल्व्ह आणि खालची एक चिरलेली नळी बदलली. संध्याकाळी गाडी पुन्हा ओढायला लागली. तुमच्या जुन्या टर्बो गाडीचा दम गेला, तर कोणीही टर्बो बदलायला सांगण्याआधी हवेची गळती तपासून घ्या. मी हे अगदी कळकळीने सांगतोय, कारण या एका चुकीपायी चांगल्या गाड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरं दुखणं इग्निशन कॉइलचं. प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीची वीज देणारी एक कॉइल, चारांतली एक गेली की गाडी मिसिंग करते, म्हणजे अडखळत चालते. काका एक नवी कॉइल डिकीत ठेवतात.

पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट मात्र वाट पाहत नाही. तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि इथे वाकायला व्हॉल्व्ह वीस आहेत. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. जुन्या पंपांत आतला पंखा प्लास्टिकचा होता, तो तडकायचा. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि धातूच्या पंख्याचा पंप असं सगळं एकदमच. गाडी कमी चालली तरी वर्षं मोजायची, रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.

पेट्रोलचं काय, हे हल्ली सगळे विचारतात. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक, ओळखायला या इंजिनाला दोन सेन्सर आहेत, त्यामुळे पेट्रोल हलकं निघालं तर ते स्वतःला सांभाळून घेतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा अॅव्हरेज थोडं उतरतंच. मला काळजी वाटते ती वीस वर्षं जुन्या इंधन नळ्यांची. त्या या मिश्रणासाठी बनलेल्याच नव्हत्या. मिस्त्रींनी गेल्या सर्व्हिसला पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या.

एका बाबतीत मात्र हे इंजिन त्याच्या वारसदारापेक्षा सुखी आहे. पुढच्या १.८ टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचत जाते. इथे पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरूनच जातं आणि त्यांना धुत राहतं.

[गॅरेज. गाडी लिफ्टवर. चेंबर खाली उतरतो.]

दिवाळीच्या आधी काकांनी हट्टाने चेंबर उघडून घेतला. काही बिघाड नव्हता. त्यांना ती जाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. पंधरा वर्षं दर साडेसात हजारांना सिंथेटिक ऑइल बदललं, ५डब्ल्यू-४०, फिल्टरसकट. त्याचं फळ काय, ते तिथेच दिसणार होतं.

मिस्त्रींनी नळी काढली, फडक्याने पुसली आणि जाळी उजेडाकडे केली. कडेला मोहरीएवढे दोन काळे कण. बाकी छिद्रन् छिद्र मोकळं. काकांनी चष्मा वर सरकवला, जाळी हातात घेतली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"लावा परत," ते म्हणाले.

[संध्याकाळ. रामबाग. गाडी फाटकाशी थांबते. इंजिन चालूच.]

घाट चढून आलोय. काका सीट बेल्ट काढतात, काचा वर करतात, पाण्याची बाटली उचलतात. इंजिन आपल्या लयीत चालू आहे. पाऊण मिनिट होतं. मग किल्ली फिरते. बॉनेटखाली तापलेला धातू टिकटिक करत निवू लागतो.