देव्हाऱ्याचं केळफूल

श्रोतेहो, नमस्कार. आज लाकडावरच्या कोरीवकामाबद्दल थोडं.

आजीच्या काळातला देव्हारा घरात असेल, तर त्याची महिरप, म्हणजे वरची नक्षीदार कमान, एकदा नीट बघा. तिच्यातून खाली लोंबणारं, लाकडात कोरलेलं केळफूल असतं. पेशवाईतल्या वाड्यांमध्ये सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि केळफूल ही ठरलेली जोडी. पुण्यात विश्रामबागवाड्याचे खांब रस्त्यावरूनही दिसतात. तीच नक्षी घरच्या देव्हाऱ्यावरही दिसते.

आमच्या देव्हाऱ्याला दोन केळफुलं. गणपतीच्या आधीच्या साफसफाईत काकूने ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं आणि उजवं फूल निखळून फरशीवर पडलं. पार तुकडे. (जाता जाता सांगतो, जुन्या लाकडाला पाणी लावू नका. आणि ऑइलपेंट? तो लावणाऱ्याला मी घरातसुद्धा घेणार नाही. सागाला लाल रंग फासून वर सोनेरी रेघा! असो.)

आजीने मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी शाबूत फूल उतरवून मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने एकेक पाकळी चाचपली. मग म्हणाले, "आजी, इथं हात सटकलाय त्याचा." खरंच, एका पाकळीचं टोक उडालेलं होतं. शेजारच्या दोन पाकळ्याही जुन्या कारागिराने हळूच तासून आखूड केल्या होत्या, चूक झाकायला. रोज हात जोडूनही आम्हाला कधी दिसलं नव्हतं.

"चूक पण उचलू का?" मिस्त्रींनी विचारलं.

"उचला," आजी म्हणाली. "नाहीतर नवं कोणतं ते लगेच कळेल."

बाकीचं फूल दीड दिवसात झालं. ती एक पाकळी मात्र होईना! पटाशी, म्हणजे कोरायची छिन्नी, लावली की हात आपोआप सरळ जायचा, पाकळी पूर्ण व्हायची. दोन ठोकळे वाया गेले. आजी चहा देत राहिली. तिसऱ्या ठोकळ्यावर पाकळी जमली, तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, "चुकायला जास्त मजुरी लागेल बरं का." आजीने दिलीसुद्धा.

आता कामाचं चटकन सांगतो. लाकूड वाळलेलं हवं, ओलं लाकूड कोरलं की नंतर तडकतं. नक्षी आधी कागदावर, मग लाकडावर उतरवायची. फुलाभोवतीचं लाकूड आधी खोल काढायचं, पाकळ्यांचे उंचसखल बारकावे शेवटी. पटाशी लाकडाच्या रेषेच्या उलट गेली की ढलपी उडते. आमच्या जुन्या कारागिराचं तेच झालं असावं. आणि धार! सागात सिलिका असते, ती पटाशीची धार खाते. म्हणून दर थोड्या वेळाने दगडावर घासायची. पुन्हा सांगतो, धार नसेल तर मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, जोरात मारावी लागते, आणि जोर आला की पाकळी गेली.

दोन्ही फुलं आज जागेवर आहेत. नवं कोणतं, यावर दर गणपतीत भावंडांच्या पैजा लागतात. मला माहीत आहे. बसवण्याआधी मिस्त्रींनी नव्याच्या डोक्यावर, महिरपीत जाणाऱ्या खुंटीपाशी, पेन्सिलने एक टिंब काढलं होतं. फूल खाली उतरवल्याशिवाय ते दिसायचं नाही.