डिफॉल्ट आवृत्ती कुठे ठरावी?

मंडळी, एकाच लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या) दोन-तीन आवृत्त्या संगणकावर शेजारी शेजारी नांदवणे आता अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती पुढे: ज्या पॅकेजला (बसवण्यासाठी बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरला) यांपैकी कोणतीही आवृत्ती चालते, त्याला नेमकी कोणती जोडायची, म्हणजेच डिफॉल्ट कोणती मानायची? हा निर्णय प्रत्येक पॅकेजच्या मेंटेनरवर, म्हणजे ते सांभाळणाऱ्यावर, सोपवला, तर प्रत्येक जण आपापल्या जागी योग्य निवड करील आणि तरीही सगळ्यांची मिळून प्रणाली मोडेल.

समजा, एका प्रोग्रामला नेटवरून माहिती आणणाऱ्या कर्लची लायब्ररी लागते आणि तो स्वतः ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररीही थेट वापरतो. कर्ल ओपनएसएसएल १.१.१ घेऊन आणि प्रोग्राम ३.० घेऊन बांधला गेला असेल, तर एकाच प्रोसेसमध्ये ओपनएसएसएलच्या दोन प्रती शिरतात. सिम्बॉलवर (लायब्ररीतील फंक्शनच्या नावावर) आवृत्तीची खूण असल्याने नावांची टक्कर बहुधा टळते. पण कर्लने आपली एसएसएल रचना (मेमरीतील माहितीचा गठ्ठा) कॉलबॅकमधून, म्हणजे प्रोग्रामनेच पुरवलेले फंक्शन बोलावून, प्रोग्रामच्या हाती दिली आणि प्रोग्रामने ती दुसऱ्या आवृत्तीच्या फंक्शनला पुरवली, की मेमरीतील मांडणी जुळत नाही आणि प्रोग्राम बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी कोसळतो. म्हणून निवड एका जागी आणि सर्वांसाठी एकदाच व्हायला हवी, असे माझे मत आहे.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्ये (स्रोतापासून सॉफ्टवेअर बांधण्याच्या संग्रहात) ती तशीच होते. पायथन, पर्ल, एसएसएल अशांच्या डिफॉल्ट आवृत्त्या एका सामाईक फाइलमध्ये नोंदलेल्या असतात आणि वापरकर्त्याला 'मेक डॉट कॉन्फ' या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून त्या बदलता येतात. ही मोकळीक चांगली आहे, पण ती स्वस्त नाही. प्रकल्पाची तयार पॅकेजेस मूळ डिफॉल्टवर बांधलेली असतात; त्यामुळे ओळ बदलल्यावर तयार पॅकेजे आणि स्वतः बांधलेली पोर्ट्स यांची सरमिसळ करणे म्हणजे वरचाच घोळ हाताने ओढवून घेणे. ज्याने डिफॉल्ट बदलले, त्याने त्यावर अवलंबून असलेला सगळा संच पुन्हा बांधावा.

काही जण याऐवजी सिम्लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) बदलून मोकळे होतात. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर 'पायथन३' हा सिम्लिंक दुसऱ्या आवृत्तीकडे वळवला, की आधी बांधलेली सी भाषेतील मॉड्यूल्स त्या आवृत्तीला सापडत नाहीत, आणि एपीटीवर (पॅकेजे बसवणाऱ्या यंत्रणेवर) बेतलेली पायथनमधील साधने बंद पडतात. सिम्लिंक कोणता इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) सुरू होणार एवढेच ठरवतो. आधीच बांधून झालेल्या गोष्टींवर त्याची सत्ता चालत नाही.

आणखी एक गैरसमज असा की डिफॉल्ट म्हणजे सर्वांत नवी आवृत्ती. बर्कली डीबी या डेटाबेस लायब्ररीचा परवाना २०१३ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून एजीपीएल हा अधिक कडक अटींचा झाला, आणि म्हणून डेबियन ५.३ वरच थांबले. तिथे तांत्रिक गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता.

डिफॉल्ट बदलण्याची डेबियनची रीत मात्र तपशिलाने पाहण्याजोगी आहे. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ होते, १३ मध्ये ३.१३ आहे, पण असा बदल एका फटक्यात होत नाही. आधी नवी आवृत्ती 'समर्थित' यादीत येते, डिफॉल्ट जुनेच राहते. मग सी मॉड्यूल असलेली पॅकेजे दोन्ही आवृत्त्यांसाठी बांधली जातात. बऱ्याच पॅकेजांच्या मूळ स्रोताला हातही न लावता केवळ पुनर्बांधणी करून हे साधते. जी बांधली जात नाहीत, ती इथेच उघडी पडतात, आणि वापरकर्त्याच्या रोजच्या कामात खंड पडण्याआधी त्यांची दुरुस्ती करायला वेळ मिळतो. पुरेशी पॅकेजे तयार झाली, की डिफॉल्ट ठरवणाऱ्या छोट्या पॅकेजातला आकडा बदलतो. त्यानंतर जुनी आवृत्ती यादीतून निघते, मॉड्यूल्स पुन्हा बांधली जातात, आणि तिच्यावर कोणीही अवलंबून उरले नाही, हे तपासल्यावरच जुना इंटरप्रिटर संग्रहातून काढला जातो.